डोळ्यांच्या बाकावर

सर्वेच्या नव्या फॉर्मात शेवटचा प्रश्न आहे:
झोप लागते का.
सावरखेडच्या दोनशे अकरा घरांत मी तो विचारला.
दोनशे बारावं घर आमचं.
सासूबाईंनी चहा पुढं केला,
मी पेनाला टोपण लावलं.

हे ओसरीवर बूट पुसत बसले होते.
चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला माणूस
कायले पुसतो रोज बूट?

रात्री दोनला लाइन येते, कुठंतरी स्टार्टर खटकतो,
आणि हे भिंतीला पाठ लावून उभे.
मी दिवा लावत नाही.
लावला तर दोघांनाही बोलावं लागेल.

सोयाबीन काढताना थ्रेशरचा पट्टा तुटला.
माणसं शिव्या देत बाजूला झाली.
हे गंजीमागं पालथे,
पोटाखाली आमचा वेदू दाबून धरलेला.
"मिल्ट्रीवाला हाय बाप्पा, चपळाई पाह्य त्याची!"
अख्खं खळं खूश.
वेदू दोन दिवस बोलला नाही.

पहाटे भरतीचे पोट्टे कडी वाजवतात.
सोळाशे मीटर, डांबरी रस्त्यानं, नाल्याच्या पुलापर्यंत.
हे घड्याळ धरून उभे: "पाच-चाळीस.
अजून दहा सेकंद काढ राजा, झालाच तू."

एका रात्री मीच म्हटलं,
वाशिमला मंगळवारी मनाचे डॉक्टर बसतात.
चिठ्ठी मी देते.
हे बराच वेळ कडबा कापायच्या मशीनकडं बघत राहिले.

"युनिटमधी सांगतलं का कॅटेगरी पडते.
हवालदारीचा कोर्स गेला समज.
बंदूक काढून घेतात, लंगरात बटाटे सोलायले बसवतात.
एक होता आमच्यात. त्यानं सांगतलं होतं.
आता त्याले कोणी नावानं हाक मारत नाई."
"इथं कुठं युनिट आहे?"
"इथं त्याच्याहून बेक्कार.
सुनीचं जमत आलं हाय. पाहुणे इचारतीन,
भाऊ कायच्या गोळ्या खाते म्हणून."

तरी गेले.
तोंडाला दुपट्टा, खिशात माझी चिठ्ठी.
चार वाजता परत आले, हातात डोळ्यांच्या ड्रॉपची बाटली.

चौदा नंबरच्या दारात, म्हणे,
आपल्या गावचा रोशन डोबाळे सासूचा कागद घेऊन उभा.
"रामराम साहेब! तुमी इकडं?"
समोरच डोळ्यांचा विभाग. हे तिथल्या बाकावर बसले.
बसले तर नंबर लागला,
नंबर लागला तर आत जावं लागलं.
सगळ्या ओळी वाचल्या.
तक्त्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं,
तेही वाचलं.
"सहा बाय सहा," डॉक्टरीण म्हणाली,
"फौजीचे डोळे असेच पाहिजेत."

सांगताना हसले नाहीत. मीही नाही.

ड्रॉप तर टाकायलाच हवे होते, सासूबाई बघत होत्या.
यांचं डोकं मांडीवर घेतलं.
पापणी दोन बोटांनी उघडी धरावी लागली;
मिटू देईनात, उघडू देईनात.
टिनाकडं बघतच विचारलं,
"तुमी लोकाइले झोपीचं इचारता, तं काय सांगतात?"
"लागते म्हणतात."
"सबन?"
"दोनशे अकरा."
आता मात्र हसले, छाती हलेपर्यंत,
थेंब कानात गेला.
"एवढं मोठं गाव, अन् रातच्याले मी एकटाच जागा?"

मी रजिस्टर ओढलं. टोपण काढलं.
आमच्या घरापुढचा रकाना इतका छोटा
की त्यात हो किंवा नाही एवढंच मावतं.

"आताच नको लिहू," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, डोळे मिटून:
"येत्या मंगळवारी सोबत येशीन?
डोळ्याइच्याच बाकावर बसू.
तिथून चौदा नंबरचं दार दिसते."